अक्षरं आणि युद्धाचा प्रचार: तीन मिनिटांची ॲनिमेशन फिल्म करतोय, प्लॅनिंगला मदत हवी

कडक_भाकरी
नमस्कार मंडळी. आम्ही तिघं जण सोलापुरात एक छोटी ॲनिमेशन फिल्म करायची म्हणतोय, साधारण तीन मिनिटांची, विषय म्हणजे महायुद्धातला प्रचार आणि त्यातली अक्षरं. म्हणजे पोस्टरवरचा सैनिक, विमानं, रणगाडे वगैरे नाही तर ज्या टाईपात ते सगळं छापलं जायचं तो टाईप. बजेट शून्य, एक बरा लॅपटॉप, एक पेन टॅबलेट आणि रविवार.

आतापर्यंत जमवलेलं सांगतो: १९१४ च्या पोस्टरवरचं ब्रिटिश युद्धमंत्री किचनरचं रोखलेलं बोट, १९१७ चा अमेरिकेचा अंकल सॅम, रशियातली स्टेन्सिलनं रंगवलेली 'तास' या सोव्हिएत वृत्तसंस्थेची पोस्टरं, ब्रिटिशांचं ते मुकुटवालं 'शांत राहा आणि चालू ठेवा', आणि जर्मन लोकांची ती काळी टोकदार अक्षरं. स्टोरी अशी आहे की टोकदार अक्षरं व्हिलन, साधी गोल अक्षरं हीरो, दोघांची मारामारी, शेवटी गोलवाले जिंकतात. तिघांपैकी दोघांना आवडलीय, तिसरी म्हणते कार्टून चॅनेल वाटतंय. काय करू?

संशयात्मा
टाईपानं युद्ध जिंकता आलं असतं तर आमच्या गल्लीतला बोर्ड रंगवणारा फील्ड मार्शल झाला असता. करा करा, पण एक शंका, खोटं कुठल्या अक्षरात छापलंय यानं वाचणाऱ्याला फरक काय पडतो?

ऋतू_साखरपेठ
(सध्या पुण्यात, टाईप डिझाईनचं काम करते.) तुमच्या तिसरीला माझा नमस्कार सांगा, तिचं बरोबर आहे. टोकदार म्हणजे नाझी आणि गोल म्हणजे चांगले हे युद्धावरच्या प्रत्येक सिनेमाच्या पाटीवर दिसतं आणि ते अर्धंच खरं आहे.

त्या टोकदार अक्षरांचं नाव फ्राक्तुर. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला सम्राट पहिला माक्सिमिलियान याच्या दरबारच्या पुस्तकांसाठी ती घडली, म्हणजे हिटलरच्या चारशे वर्षं आधी. त्यानंतर जर्मनीत सगळं त्यातच छापलं जायचं, गोष्टीची पुस्तकं, पंचांगं, आणि हिटलरच्या विरोधातल्या समाजवादी पक्षाचं 'फोरवेर्ट्स' हे वर्तमानपत्रसुद्धा. १९११ मध्ये तर जर्मन संसदेत यावर वाद झालेला की रोमन अक्षरं, म्हणजे आज इंग्रजीत दिसतात तशी, घ्यायची का आपलीच ठेवायची. त्यामुळे ते अक्षर जन्मानं कुणाचंच नव्हतं.

१९३३ ला नाझी आले आणि त्यांनी ते 'खरं जर्मन अक्षर' म्हणून डोक्यावर घेतलं. टानेनबर्ग नावाचा टाईप याच काळातला, फ्राक्तुरच्या घराण्यातलाच पण सगळी नक्षी तासून सरळ कडक केलेला, जर्मन लोक नंतर अशा टाईपांना चेष्टेनं 'बुटांचा टाईप' म्हणायचे, सैनिकाचे गुडघ्यापर्यंतचे बूट असतात ना, ते. तो नुसता ठोकळा बघितला तरी परेड चालू आहे असं वाटतं.

आता खरी गंमत. ३ जानेवारी १९४१ ला नाझी पक्षाच्या कचेरीतून तिथला बडा अधिकारी मार्टिन बोरमान याच्या सहीनं एक परिपत्रक निघालं. मजकूर असा की ही तथाकथित गॉथिक अक्षरं जर्मन आहेत हे समजणं चूक आहे, ही ज्यूंची अक्षरं आहेत, यापुढे रोमन अक्षरालाच 'नॉर्मल' अक्षर म्हणायचं आणि तेच वापरायचं. आणि हा कागद ज्या लेटरहेडवर टाईप केला होता त्याच्या माथ्यावर पक्षाचं नाव त्याच टोकदार अक्षरात छापलेलं होतं.

माझं ऐकाल तर बाकी सगळी यादी फेकून द्या आणि तो एक कागद घ्या.

कडक_भाकरी
थांबा थांबा, लेटरहेड त्याच अक्षरात?? आणि कुणाच्या लक्षात नाही आलं?

ऋतू_साखरपेठ
आलं असेल, बोलणार कोण. आणि ज्यूंची अक्षरं हे तर सपशेल बनवलेलं. परिपत्रकात ज्या श्वाबाखर अक्षराचं, म्हणजे फ्राक्तुरच्याच जातीतल्या जुन्या टोकदार अक्षराचं, नाव घेतलंय ते पंधराव्या शतकातलं, त्या काळात जर्मनीत ज्यूंना छापखाना चालवायची मुभाच नव्हती.

कारण वेगळं होतं. तोपर्यंत अर्धा युरोप ताब्यात आलेला, आणि फ्रान्स, हॉलंड, नॉर्वेतल्या माणसाला फ्राक्तुर वाचता येत नव्हतं. हुकूम वाचता आला नाही तर पाळणार कसा? म्हणून परिपत्रकातच लिहिलंय की ज्या वर्तमानपत्रांचा खप परदेशात आहे ती आधी बदला. स्वतः हिटलरलाही त्या जुन्या अक्षरांचं प्रेम नव्हतंच, १९३४ मध्येच त्यानं भाषणात अशा जुनाटपणाची टर उडवलेली.

म्हणजे संशयात्मा, तुमच्या शंकेचं उत्तर यातच आहे. वाचणाऱ्याला फरक पडतो हे त्यांना पक्कं माहीत होतं, म्हणून तर ऐन युद्धात एवढा उपद्व्याप केला.

संशयात्मा
बरं. हे पटलं. पण मग गोल अक्षरवाले तरी धुतल्या तांदळाचे होते का?

ऋतू_साखरपेठ
तेच. फ्युतुरा हा १९२७ चा टाईप, पाउल रेनरनं केलेला, वर्तुळ त्रिकोण चौकोन असा शुद्ध भूमितीतला. रेनरनं १९३२ मध्ये नाझींच्या सांस्कृतिक धोरणावर टीका करणारी पुस्तिका काढली, १९३३ ला त्याला अटक झाली, म्यूनिकच्या छपाईशाळेतली नोकरी गेली. यान चिकोल्ड या दुसऱ्या टाईपवाल्याचंही तेच, अटक, मग सुटून स्वित्झर्लंडला. माणसांना हाकललं, पण फ्युतुराचे खिळे (छपाईची शिशाची सुटी अक्षरं) कुणी वितळवले नाहीत, नाझींच्या स्वतःच्या छपाईत तो टाईप पुढे बिनदिक्कत वापरला गेलाय. नंतर १९६९ ला चंद्रावर ठेवलेल्या पाटीवरही हाच. त्यामुळे त्याला हीरो करायचा तर ते सगळं सांगावं लागेल आणि तुमच्याकडे तीन मिनिटं आहेत.

जुळारी_काका
मी कधी लिहीत नाही इथं, वाचतो फक्त. पण विषय आमचा निघाला म्हणून. आमचा छापखाना होता, लग्नपत्रिका, हँडबिलं, सहकारी सोसायट्यांचे अहवाल. पायानं चालवायचं ट्रेडल छपाई मशीन आजही आहे, चालतं, पण काम नाही.

पोरांनो तुमी फॉन्ट फॉन्ट म्हणलालाव पण तेव्हा फॉन्ट म्हणजे वजन होतं. शिशाचे खिळे. एक केस, म्हणजे खिळ्यांची घरं असलेला लाकडी खण, दोन माणसांनी उचलायची. मराठीची केस तर इंग्रजीच्या कितीतरी पट, मात्रा वेगळी, रफार वेगळा, जोडाक्षरं वेगळी, नवा पोरगा आला की घरं पाठ व्हायलाच वर्ष जायचं. मग मला सांगा, वरनं हुकूम आला की उद्यापासनं हे अक्षर बंद, ते चालू, तर गावातल्या लहान छापखान्यावाल्यानं नवे खिळे आणायचे कुठनं? आणि युद्धात शिसं कोण देणार, ते तर गोळ्यांना लागतंय. जुनं वितळवून नवं ओतायचं म्हणलं तरी ओतणारा पाहिजे, साचे पाहिजेत.

ऋतू_साखरपेठ
काका नमस्कार! तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. तेच झालं. मोठी वर्तमानपत्रं बदलली पण लहान छापखान्यांत पुरेसे रोमन खिळेच नव्हते, युद्धाच्या शेवटापर्यंत कितीतरी छपाई फ्राक्तुरमध्येच होत राहिली. हुकूम कागदावर एका दिवसात फिरला, केसा तशाच.

शाळेत मात्र फिरला. १९४१ लाच मुलांना जुनं जर्मन हस्ताक्षर शिकवणं बंद झालं, आणि आज तिकडच्या नातवंडांना आजीची पत्रं वाचता येत नाहीत, आपल्याकडं मोडीचं झालं तसं.

कडक_भाकरी
काका तुमच्या पोस्टनं आमची फिल्मच बदलली. बर्लिनचा बोरमान नको, एका लहान गावातला जुळारी, म्हणजे छापखान्यात खिळे जुळवणारा, घेऊ. त्याच्या हातात परिपत्रक येतं, समोर फ्राक्तुरची केस. पुढे काय करायचं ते बघू, पण हात आणि खिळे एवढंच दाखवायचं. चेहरे नाहीत.

फ्रेम_मोजणारा
टेक्निकल बोलू का. तीन मिनिटं म्हणजे १८० सेकंद, २४ फ्रेमनं, टूजवर, म्हणजे एक चित्र दोन फ्रेम धरून, केलं तरी सेकंदाला १२ चित्रं, म्हणजे २,१६० चित्रं. तिघांनी रविवारी बसून हातानं काढणार असाल तर पुढच्या महायुद्धापर्यंत होईल.

त्यापेक्षा काकांकडे खरे खिळे असतील तर स्टॉप मोशन करा. मोबाईल वरून खाली बघणारा लावा, एक्सपोजर आणि फोकस लॉक, खिडकी बंद, एकाच दिव्यावर काम, नाहीतर प्रत्येक फ्रेमला उजेड लपकतो. खिळा सरकवायचा, फोटो, सरकवायचा, फोटो. आणि प्लीज शेजारी पॉवरलूम चालू असताना करू नका, टेबल हलतं, मी अशोक चौकाजवळ एक अख्खा सीन असा घालवलेला बघितलाय.

हातानं काढायचंच असेल तर फुकटात क्रिता, ओपनटून्झ किंवा ब्लेंडरचं ग्रीस पेन्सिल. पण ब्लेंडरमध्ये मराठी टाईप करायला जाऊ नका, जोडाक्षरं फुटतात, वेलांटी चुकीच्या बाजूला जाते. इंकस्केपमध्ये लिहा, तिथं नीट येतं, मग त्याचा पाथ (नुसत्या रेषांचा आकार) करा आणि चित्र म्हणून आत घ्या.

पार्क_चौक_वाला
मुकुटवालं पोस्टर काढून टाकताय वाचून वाईट वाटलं, नवी पेठेत त्याचे टीशर्ट मिळतात ओ. लोकांना ओळखीचं तेवढं तरी ठेवा.

ऋतू_साखरपेठ
ओळखीचं आहे म्हणूनच काढा म्हणते. १९३९ मध्ये जवळपास २४ लाख ५० हजार प्रती छापल्या, मोठ्या संकटासाठी म्हणून राखून ठेवल्या, लावल्या जवळजवळ नाहीतच, १९४० मध्ये बहुतेक लगद्यात गेल्या. २००० साली इंग्लंडमध्ये ॲनिक गावातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक प्रत सापडली आणि मग टीशर्ट. म्हणजे युद्धातला सगळ्यात प्रसिद्ध प्रचार युद्धात कुणी पाहिलाच नाही. शिवाय तो टाईप नाहीच, अक्षरं हातानं काढलेली, त्या नावानं जे फॉन्ट मिळतात ते नंतर कुणी कुणी बनवलेले. छान गोष्ट आहे पण वेगळी फिल्म आहे ती.

त्यापेक्षा मला वाटतं दोस्त राष्ट्रांचा शरणागतीचा पास बघा. १९४४ मध्ये जर्मन सैनिकांवर विमानातून टाकायचे, 'हा कागद दाखवील त्या सैनिकाला नीट वागवा' अशा अर्थाचा. त्यावर शिव्या नाहीत, घोषणा नाहीत, नोटेसारखी वेलबुट्टी, अमेरिका आणि ब्रिटनची राजचिन्हं, खाली दोस्तांचा सरसेनापती आयझेनहॉवर याची सही. दिसायला अगदी सरकारी दाखल्यासारखा. कारण जर्मन शिपाई शिक्का-सहीच्या कागदावर विश्वास ठेवेल हे त्यांनी ओळखलेलं.

संशयात्मा
विश्वास तर आपल्याकडं पण त्याच्यावरच. गोल शिक्का असला की बास.

मराठा_पलटण_नातू
आपल्याकडचं पण एक सांगतो. ब्रिटिशांच्या हिंदी फौजेत वेगवेगळ्या लिप्यांचे शिपाई, म्हणून फौजेची भाषा केली उर्दू आणि लिपी रोमन. शिपायाला ना धड उर्दू लिपी शिकवायची ना देवनागरी, ए बी सी डी मध्ये 'दाहिने मुड़'. आजोबांची जुनी वही आहे आमच्याकडे, सगळी रोमन उर्दूत. हुकूम ज्याला वाचायचाय त्याच्या सोयीनं नाही, देणाऱ्याच्या सोयीनं लिपी ठरते. बोरमानचं तेच की.

कडक_भाकरी
हे जबरदस्त आहे. त्या वहीचा फोटो काढून ठेवा, फिल्ममध्ये घेऊ की नाही माहीत नाही पण मला बघायचीय.

भुईकोट
मी थोडा वेगळा मुद्दा मांडतो. सोलापूरची पोरं फिल्म करणार आणि त्यात सोलापूर कुठंच नाही? डॉ. कोटणीस इथले, १९१० चा जन्म, १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले, जपानविरुद्धच्या युद्धात आठव्या रूट आर्मीच्या (चिनी कम्युनिस्टांच्या फौजेच्या) जखमींवर शस्त्रक्रिया केल्या, १९४२ मध्ये तिथंच गेले. युद्ध आहे, माणूस आपला आहे. नाहीतर १९३० चा मार्शल लॉ घ्या, आपले चार हुतात्मे घ्या. कुर्बान हुसेन स्वतः 'गझनफर' नावाचं वर्तमानपत्र चालवायचे, म्हणजे छपाई पण आली. जर्मनीच कशाला?

जुळारी_काका
भुईकोट, भावना बरोबर हाय पण तीन मिनिटात कोटणीस पण, चार हुतात्मे पण, हिटलर पण म्हणजे मिसळ होणार. कोटणीसांवर करायची तर निवांत करा, त्यांचं स्मारक हाय, वस्तू हायत, जाऊन बसा दोन दिस.

ऋतू_साखरपेठ
काकांशी सहमत. आणि मार्शल लॉ घुसवला तर बघणारा 'इकडे इंग्रज, तिकडे नाझी' अशी तुलना करत बसेल आणि अक्षर बाजूला राहील.

भुईकोट
ठीक आहे, पण मग किमान चादर तरी! शेवटची नावं चादरीवर विणल्यासारखी करा, जॅकार्डच्या, म्हणजे मागाला नक्षी सांगणाऱ्या, कार्डावर भोकं पाडून अक्षर कसं पायऱ्यापायऱ्यांनी येतं ते इथल्या पोराला सांगायला नको.

फ्रेम_मोजणारा
चौकटीवर करायला सोपं आहे हे मात्र. पिक्सेलच आहेत ते.

आर्किटेक्चरवाली
कडक_भाकरीच्या टीममधली तिसरी मीच. कार्टून चॅनेल मीच म्हणाले होते. चादरीला माझा विरोध, सोलापूर म्हटलं की चादर आणि शेंगाचटणी, दुसरं काही सुचत नाही का आपल्याला. सोलापूर यायचंच असेल तर पाट्यांतून येऊ दे. पूर्व भागात एका चौकात उभं राहिलं तर मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू चारही दिसतात, आणि त्यातली कुठली 'नॉर्मल' असं कुणी विचारत नाही. पण तेसुद्धा फिल्ममध्ये नको, पोस्टरवर चालेल.

दुसरं, आम्ही ठरवलंय की स्वस्तिक दाखवायचं नाही. जर्मनीत ते दाखवण्यावर कायद्यानं बंदी आहे, कला आणि शिक्षणाला सूट आहे, पण प्रश्न कायद्याचा नाही. आपल्याकडं ते उंबऱ्यावर आणि वहीच्या पहिल्या पानावर असतं, पडद्यावर आलं की इथला प्रेक्षक त्याच्यावरच अडकणार, कुजबुज सुरू. लेटरहेडवरचा गरुड पण अर्धा कापायचा. फक्त अक्षरं.

ऋतू_साखरपेठ
हे फार आवडलं. मग अक्षरं चुकवू नका, एवढंच. फ्राक्तुरमध्ये 'एस' दोन असतात. शब्दाच्या किंवा अवयवाच्या शेवटी छोटा गोल, बाकी सगळीकडे लांब, जो 'एफ'सारखा दिसतो. आजकाल लोक संगणकावर फ्राक्तुर लावतात आणि सगळीकडे गोल एस ठोकतात, जर्मन माणसाला लगेच कळतं. 'सीएच', 'सीके', 'टीझेड' हे जोडखिळे असतात, सुटे नाही लावायचे. आणि एखाद्या शब्दावर जोर द्यायचा तर तिरका टाईप नसायचाच, अक्षरांमध्ये जागा सोडून शब्द ताणायचे. तुमचा जुळारी 'नॉर्मल' हा शब्द असा ताणून जुळवतोय असं दाखवा, एक एक खिळ्यामधे पातळ पट्टी सरकवत. सगळी फिल्म त्यात आहे.

युनिफ्राक्तुर मागुन्तिया नावाचा मुक्त परवान्याचा फॉन्ट आहे, त्यात लांब एस आणि जोडखिळे दोन्ही आहेत. मराठी सबटायटलला मुक्ता घ्या, तोही मुक्त परवान्याचा. देवनागरीला टोकं काढून 'जर्मन' करायचा मोह होईल, करू नका, सायबर कॅफेच्या बोर्डासारखं दिसतं.

जुळारी_काका
अजून एक. स्टिकमध्ये, म्हणजे खिळे जुळवताना हातात धरतो त्या पट्टीत, अक्षर उलटं असतं. जुळारी अक्षराचं डोकं खाली ठेवूनच ते वाचतो, डावीकडनं उजवीकडं, पण मजकूर पालथा. बघणाऱ्याला छापल्याशिवाय काही वाचता येणार नाही. तुमी सुरुवातीपासनं सुलटं दाखवाल तर माझ्यासारखा म्हातारा उठून जाईल.

कडक_भाकरी
काका हे तर सोनं दिलंत. आता आम्ही तिघांनी बसून ठरवलं ते लिहितो, चुकत असेल तर आत्ताच हाणा. सुरुवात काळ्यावर, फक्त खिळे केसमध्ये परत टाकल्याचा आवाज. मग हात, स्टिक, पालथी फ्राक्तुर अक्षरं, रोजचं काम, गावच्या बाजाराची जाहिरात, कुणाच्या तरी लग्नाची, मग 'हे खरं जर्मन अक्षर' असं छापायची ऑर्डर, ते पण त्याच अक्षरात. मग कागद येतो. कागदाचा माथा टोकदार, खाली टाईपरायटरचा मजकूर, कॅमेरा फक्त वर-खाली, तीनदा, कारण बघणाऱ्याला ते जुळवायला वेळ पाहिजे. मग तो रोमन खिळ्यांचा कप्पा उघडतो, एक छोटा, अर्धा रिकामा. त्यातून हुकूम जुळवायला घेतो आणि 'ई' संपतात. मग काय करतो? जिथं रोमन 'ई' नाही तिथं फ्राक्तुरचा 'ई' बसवतो. छापतो. मिसळलेल्या अक्षरातला हुकूम, सुलटा, पहिल्यांदाच वाचता येणारा. तिथंच कट. शरणागतीचा पास आणि रोमन उर्दू दोन्ही बाहेर ठेवलंय, पुढच्या वेळी.

ऋतू_साखरपेठ
'ई' संपणं एकदम बरोबर, जर्मनमध्ये सगळ्यात जास्त लागणारं अक्षर तेच. करा.

संशयात्मा
मी बघायला येणार. तिकीट असेल तर नाही येणार.

फ्रेम_मोजणारा
खिळे केसमध्ये टाकल्याचा आणि ट्रेडलचा आवाज नेटवरून घेऊ नका, काकांकडेच रेकॉर्ड करा. पहाटे, लूम बंद असताना.

जुळारी_काका
रविवारी पाच वाजता या. मशीनला तेल घालून ठेवतो. रेकॉर्डर कुणाकडं हाय?

फ्रेम_मोजणारा
माझ्याकडं आहे काका. सेल कडक_भाकरीनं आणायचे.